मागेल तेव्हा हजर करीन

"मंग कोर्टालाच इचार, शेळीला उसाच्या फडावर खोपी देता का म्हणून," दत्तराव म्हणाला. "सहा वर्षं झाली. लोकांच्या खुनाच्या केसी निकालात निघाल्या. आपली एक शेळी निघंना."

"माज्या हातात हाय का ते?" केवळाबाईनं शेळीचा पुढचा पाय मांडीवर घेतला होता आणि ती खुरातला काटा शोधत होती.

"मंग कुणाच्या हातात हाय? कागदावर सही कुणाची हाय?"

"माजी."

"मंग?"

"म्हणूनच मला जाता येत न्हाई."

दत्तरावाची आई वच्छलाबाई ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. मोतीबिंदूमुळं तिला खडे दिसायचे नाहीत, ती बोटांनी शोधायची. "सही करायच्या आदी घरात इचारायचं असतं," ती म्हणाली.

"तुमीच म्हणला होतात आत्या, कर सही, शेळी घरला येऊ दे."

"मी शेळीचं म्हणले होते. तुजं न्हवतं म्हणले."

हे भांडण दसरा झाला की दरसाल व्हायचं आणि दत्तराव ट्रकमध्ये बसून कर्नाटकाकडं गेला की मिटायचं. यंदा मिटण्यासारखं नव्हतं. ऊसतोडीला कोयता धरतात तो जोडीचा. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, गाडी दोघं भरतात. गेली सहा वर्षं दत्तरावानं विधवा बहिणीला, धुरपताला, जोडीला नेऊन निभावलं होतं. धुरपताला यंदा शाळेत खिचडी शिजवायचं काम लागलं आणि तिनं फोनवर सांगून टाकलं की, दादा, आता तुजी तू जोड बग. मुकादम रविवारी जोड्यांची नावं लिहून घ्यायला येणार होता.

"बेस्तरवारी तारीख हाय ना?" दत्तराव म्हणाला. "ह्या टायमाला मी बी येतो. बगू तरी काय म्हणतंय कोर्ट."

केवळाबाईनं काटा काढला, बोटावर घेऊन बघितला आणि उकिरड्याकडं फेकला. "तुमी कशाला येता," ती म्हणाली, "शेरडं कोण वळील."

"पंकजा वळील एक दिस."

"तिची चाचणी परीक्षा हाय."

"मंग माय बघंल," असं म्हणून दत्तराव उठला. तो कोर्टात यायचं म्हणतोय ही गोष्ट केवळाबाईला सगळ्यात अवघड होती. त्याचं कारण घरात तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

ही शेळी तिला माहेरून मिळालेली. गावातली शेरडं-मेंढरं पाळणारी घरं जनावरांच्या कानावर आपापली खूण कापतात. केवळाबाईच्या घरची खूण म्हणजे डावा कान शेंड्याला सरळ छाटलेला आणि उजव्याला खालून दोन खाचा. सहा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आठवड्यात भरदुपारी शेळी दावणीवरून गेली. घरची माणसं गाव धुंडत होती तेव्हा केवळाबाई सोनपेठचा बाजार कधी असतो ते मोजत होती. बाजारच्या दिवशी ती पहिल्या जीपनं गेली आणि शेरडांच्या बाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक काळ्या शेळीचे कान बघत फिरली. एका कडुनिंबाखाली शेजारच्या गावचा रामहरी उभा होता. त्याच्या हातातल्या दाव्याला दोन खाचांचा कान होता.

"इकत घेतलीय," रामहरी म्हणाला.

"कुणाकडनं?"

तो इतका वेळ विचार करत राहिला की भोवती माणसं जमली.

पुढचं सगळं रीतसर झालं. फिर्याद झाली, दोन पंच बोलावले गेले, पंचनामा झाला. 'एक काळ्या रंगाची शेळी, वय अंदाजे दीड वर्ष, शिंगे चार बोटे, डावा कान शेंड्यास कापलेला, उजव्या कानास दोन खाचा.' शेळीच्या गळ्यात पंचांच्या सह्यांचं लेबल बांधलं. त्या दिवसापासून ती शेळी राहिली नाही, मुद्देमाल झाली. दोन दिवस मुद्देमाल ठाण्याच्या आवारात होता. तेवढ्यात त्यानं तुळस खाल्ली, दोन कुंड्या साफ केल्या आणि स्वतःचं लेबलही खाल्लं. पुन्हा पंच बोलावून दुसरं लेबल मानेच्या मागं आखूड बांधावं लागलं. साहेबांनी मग घाई करून कोर्टाची परवानगी मिळवली आणि शेळी फिर्यादीच्या ताब्यात दिली.

देताना एका कागदावर सही घेतली. 'सदर जनावर जसेच्या तसे सांभाळीन, विकणार नाही, कोणास देणार नाही, विल्हेवाट लावणार नाही व मा. न्यायालय मागेल तेव्हा हजर करीन.'

तो कागद गावात रंगनाथनं वाचला. रंगनाथ पंचवीस वर्षं कोतवाल होता. सरकारी कागदाचा अर्थ गावात त्याच्याकडूनच लावून घ्यायचे. त्यानं चष्मा लावून कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि दत्तरावाला विचारलं, "उसाला कवा निघायलात?"

"आठ दिसांनी."

"हिला सोडून जा. मागंल तेव्हा लिहिलंय. मागंल तेव्हा म्हंजी कवाबी. उद्या मागंल, परवा मागंल, पोलीस दारात आला आन बाई घरी न्हाई, तर मंग केस उलटी फिरती. शेळी ऱ्हाती बाजूला आन बाई आत."

वच्छलाबाईनं तोंडावर हात ठेवला. देवाच्या नावानं कुणी सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं बोलतं, तसंच हे कोर्टाच्या नावाचं झालं. केवळाबाईनं गाव सोडायचं नाही.

ती अठरा वर्षांची असल्यापासून उसाला जात होती. पहाटे तीनला उठणं, पाचटाच्या खोपीत चूल पेटवणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं, हे ती न बोलता करायची. पंकजा एका फडावर रांगली, दुसऱ्या फडावर चालली आणि पहिलीची निम्मी तिसऱ्या फडावर गेली. कागदावर सही केली त्या वर्षी पहिल्यांदा ट्रक निघाला आणि केवळाबाई खाली उभी राहिली. ट्रक वळणावर दिसेनासा झाल्यावर ती घरी आली. घर झाडून झालं, पाणी भरून झालं, आणि दिवस अजून वर यायचा होता. काय करावं हे तिला कळेना, म्हणून तिनं पुन्हा झाडलं.

पुढच्या उन्हाळ्यात शेळीला दोन करडं झाली. करडं कोर्टाची का आपली, यावर गावात पंधरा दिवस चर्चा चालली. रंगनाथचं मत पडलं की जनावर जसंच्या तसं असं लिहिलंय, म्हणजे त्यातून निघेल तेही त्यातच धरायचं. दत्तराव म्हणाला, मंग दुधाचं काय. त्यावर रंगनाथनं विचार करून सांगतो म्हटलं आणि कधी सांगितलं नाही. केवळाबाईनं जोखीम नको म्हणून दुसऱ्या तारखेला शेळी आणि दोन्ही करडं जीपमध्ये घातली आणि तालुक्याच्या कोर्टासमोर हजर झाली.

कोर्टात बन्सीधर नावाचे कारकून होते. त्यांनी टेबलावरून वाकून बघितलं.

"हे काय बाई?"

"तिचीच हायत साहेब. जलमली तशी आणली. एक बी इकलं न्हाई."

बन्सीधर हसले नाहीत, हे केवळाबाईनं पुढं कायम लक्षात ठेवलं. त्यांनी फाईल काढून कागद वाचला. "मुद्देमाल एक नग आहे. करडं तुमची. आणि आज नुसती तारीख आहे, शेळी आणायचंही कारण नव्हतं. लागेल तेव्हा आधी कळवतात."

"मंग मधी मी गाव सोडला तर?"

"कुठं जायचंय?"

"उसाला."

"जा की. घरात दुसरं कुणी शेळीला पाला टाकेलच ना? बोलावलं त्या तारखेला आणून उभी केली म्हणजे झालं. तुम्हाला कुणी गावात बांधून ठेवलंय?"

केवळाबाईनं त्यांना हे पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग करडं काखेत घेऊन ती बाहेर आली.

घरी तिनं सांगितलं की करडं आपली आहेत. एवढंच सांगितलं. काही लपवायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. उरलेलं त्या संध्याकाळी सांगायचं राहिलं, दुसऱ्या दिवशीही राहिलं. आठ दिवसांनी ते सांगण्यासारखं उरलं नाही. पुढच्या हंगामात एका तारखेनंतर फडावरून दत्तरावाचा फोन आला, "कोर्ट काय म्हणलं?" तर ती म्हणाली, "पुढची तारीख दिली." ते खरंच होतं.

मग कोरोनाचं वर्ष आलं, कोर्ट बंद. नंतर साहेब बदलले. एक पंच वारला. एका तारखेला रामहरीचा वकील आला नाही, एका तारखेला सरकारी वकील. करडांना करडं झाली आणि दारात चौदा शेरडं उभी राहिली. पंकजा एकही हिवाळा न बुडवता दहावीत आली. केवळाबाई शेरडांमागं फिरायची, संध्याकाळी बचत गटात बसायची, आणि थंडीत पाच वाजेपर्यंत झोपायची. या झोपेबद्दल ती कुणाशी बोलत नसे.

गुरुवारी सकाळी जीपमध्ये तिच्या पायाशी शेळी, शेजारी दत्तराव आणि समोर रामहरी बसला. गावाकडून वेळेवर जाणारी जीप एकच. कारण नव्हतं तरी केवळाबाई दर तारखेला शेळी घेऊनच यायची. पहिल्या वर्षी फिर्यादी आणि आरोपी एकमेकांकडं पाठ करून बसायचे. पण जीपमध्ये तेवढी जागा नसते. तिसऱ्या वर्षापासून रामहरी येताना बाभळीच्या शेंगा खिशात घालून आणायला लागला.

"वयनी, सकाळी खाल्लं का हिनं काही?" त्यानं शेंगा काढत विचारलं.

"थोडा पाला खाल्ला. पाय दुखतोय."

"हळद लावली का?"

दत्तरावानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "तू आरोपी हाईस का न्हाई?" त्यानं रामहरीला विचारलं.

"हाय की."

"मंग जरा आरोपीवाणी बस."

रामहरीनं शेंगा मुकाट्यानं शेळीपुढं धरल्या आणि खिडकीबाहेर बघत बसला.

या तारखेला मुद्देमाल कोर्टासमोर ठेवायचा होता. शेळी पायऱ्या चढेना, तेव्हा न्यायाधीशबाईच व्हरांड्यात आल्या. वय तिशीच्या आसपास, नव्यानं बदलून आलेल्या. त्यांच्यामागून टंकलेखक, दोन्ही वकील, बन्सीधर आणि ज्यांची केस नव्हती असे वीसेक लोकही आले.

रामहरीच्या वकिलानं पंचनामा हातात घेतला. "मुद्देमालावर लेबल दिसत नाही."

"खाल्लं," केवळाबाई म्हणाली.

"कुणी?"

"मुद्देमालानं."

मागं कुणीतरी खोकलं. न्यायाधीशबाईंनी टंकलेखकाला, आहे तसं घ्या, असं सांगितलं.

"दुसरं लेबल?"

"ते बी. तिसरं पोलिसांनी दिलं, ते मी घरात डब्यात ठिवलंय."

"पंचनाम्यात वय दीड वर्ष आहे. शिंगं चार बोटं. ही शेळी म्हातारी आहे, शिंगं वीतभर आहेत, हनुवटीवर पांढरे केस आहेत. जनावर जसंच्या तसं सांभाळीन असं तुम्ही लिहून दिलं होतं. ही जशीच्या तशी आहे का?"

"न्हाई साहेब. मी बी न्हाई. तवा पंकजा चवथीला होती."

"प्रश्नाचं उत्तर द्या. ही चोरीला गेलेली शेळी नाही, तुम्ही दुसरी आणून उभी केली आहे, असं माझं म्हणणं आहे."

"कानाच्या खाचा बगा ना."

"तुमच्या घरच्या सगळ्याच शेळ्यांना खाचा असतात, हे खरं?"

 हे खरं होतं. चौदाच्या चौदा शेरडांचे कान तसेच होते.

"तीच हाय वकीलसाहेब," रामहरी बाजूनं म्हणाला.

"तू गप बस."

"गप कसा बसू? सहा वर्षं हिच्यासंगं यायलोय, जायलोय. शेंगा हातानं खाऊ घातल्या. हिला दुसरी म्हणायलेत तुमी."

न्यायाधीशबाईंनी त्याच्याकडं वळून विचारलं, "सहा वर्षांचं ठीक आहे. पण चोरीला गेलेली तीच ही, हे तुम्हाला कसं माहीत?"

"मीच नेली होती ना," रामहरी म्हणाला.

 वकिलानं पंचनाम्याची घडी घातली. न्यायाधीशबाईंनी रामहरीला नीट समजावलं की त्याच्यावर बोलायची सक्ती नाही, त्यानं वकिलाशी बोलावं, जेवणाच्या सुट्टीनंतर बघू. सुट्टीत वकील त्याला वडाखाली उभा करून बराच वेळ रागावला. सुट्टीनंतर रामहरीनं आत जाऊन सांगितलं की गुन्हा कबूल आहे, आणि शेळीनं फार खेपा घातल्या, आता तिला बोलवू नका.

त्याला थोडा दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे काय हे दत्तरावाला कळेना. बन्सीधरांनी सांगितलं की पाच वाजता कोर्ट उठेल, तोवर त्यानं या बाकावर बसून राहायचं.

"आन मंग?"

"मग झाली शिक्षा भोगून."

"आमी तर नुसतं बसून सा वर्षं भोगायलोत," दत्तराव म्हणाला. तेवढ्यात न्यायाधीशबाई शेळी फिर्यादीकडं कायम करण्याचं सांगायला लागल्या, अपिलाची मुदत संपेपर्यंत विकू नये वगैरे. दत्तराव हात जोडून पुढं झाला. केवळाबाईनं त्याचा सदरा मागून ओढला, पण उशीर झाला होता.

"बाईसाहेब, शेळीचं कळलं. माज्या बायकूचं काय? ती सुटली का?"

"त्यांना काय झालंय?"

"तुमच्या कागदापायी सा वर्षं गावाबाहेर पाऊल न्हाई टाकलं तिनं. मागंल तवा हजर करायचं म्हणून. मी बहिणीला घेऊन ऊस तोडला."

न्यायाधीशबाईंनी फाईलमधला कागद काढून वाचला, उलटून मागची बाजूही वाचली. "यात त्यांनी गावात राहावं असं कुठंच नाही. तारखेला जनावर आणलं की पुरे. त्या आधीही जाऊ शकत होत्या."

"तसं मी बाईंना सांगितलं होतं," बन्सीधर भल्या मनानं म्हणाले. "दुसऱ्याच तारखेला. करडं घेऊन आल्या होत्या तेव्हा. नाही का हो बाई?"

केवळाबाईनं मान हलवून होय म्हटलं.

परतीची जीप सव्वापाचला, कारण रामहरीची शिक्षा संपल्याशिवाय जीप भरत नव्हती. तो बाकावर झोपून ताजातवाना झाला होता आणि वाटभर एकटाच बोलत होता. आता तारीख नाही तर तालुक्याला कशाला यायचं, असं तो दोनदा म्हणाला. दत्तराव समोरच्या काचेतून रस्ता बघत होता. शेळी केवळाबाईच्या पायावर मान टाकून झोपली.

घरी दिवेलागण झाली होती. पंकजा पुस्तक घेऊन बसली होती. दत्तरावानं चपला काढल्या नाहीत, ओसरीवर उभा राहूनच आईला म्हणाला, "माय, हिला ठावं होतं. कागदात कायबी न्हवतं. पहिल्यापासनं जाता येत होतं."

वच्छलाबाईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "ठावं होतं?"

"व्हय आत्या," केवळाबाई म्हणाली.

"कवापासनं?"

"दुसऱ्या तारखेपासनं."

"आन मी इथं तुजी दया करायलेय. बिचारी अडकली म्हणून. गुडघे मोडले धुरपताचे तिकडं."

"धुरपताक्काचं चुकलंच माजं. त्यांच्यापुढं मी मान खाली घालीन."

"आन माज्यापुढं?" दत्तराव म्हणाला.

 केवळाबाईनं शेळी दावणीला बांधली, हात धुतले, चुलीपुढं बसून परातीत पीठ घेतलं. पंकजानं पुस्तकात बोट घालून ते मिटलं होतं आणि ती एकदा आईकडं, एकदा बापाकडं बघत होती.

वच्छलाबाईचं सूप हातात तसंच होतं. ती तीस हंगाम उसाला गेलेली. दत्तराव तिच्या पोटात असतानाही तिनं मोळ्या उचलल्या होत्या. मग ती म्हणाली, "आमच्या टायमाला अशी शेळी न्हवती."

"तू तिच्याकडनं बोलायलीस?" दत्तरावानं विचारलं.

"कुणाकडनं न्हाई. न्हवती म्हणले." तिनं सूप हलवायला सुरुवात केली.

"बरं. आता तरी कागद न्हाई, कोर्ट न्हाई," दत्तराव म्हणाला. "रविवारी मुकादम येतोय. दोन नावं लिहून देतो. झालं गेलं मी काढणार न्हाई."

केवळाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मागं न बघता बोलली. आवाज चढवला नाही.

"एकच नाव लिवा. सा वर्षं मी कोर्टाचं नाव सांगितलं, ते खोटं होतं. आता माजं सांगायलेय. मी उसाला येणार न्हाई, औंदा न्हाई आन म्होरं बी न्हाई. चौदा शेरडं हायत, वळायला दोघं असलो तर पंचवीस हुतील. तुमी ऱ्हायलात तर शेरडं वळा, गेलात तर एकले जा. मुकादमाला मी सवता सांगीन."